‘आर्थिक स्वातंत्र्य’ : नेमके कोणाचे?

प्रश्न असा आला आहे : “देशाच्या विकासासाठी आर्थिक स्वातंत्र्य आवश्यक आहे, असे वाक्य वाचले. हे स्वातंत्र्य देशाचे की माणसाचे? आणि ‘स्वातंत्र्य’ऐवजी ‘मोकळीक’ किंवा ‘मुभा’ म्हटले तर काही बिघडते का?”

वाक्य व्याकरणात चोख आहे, तरी तुम्ही अडखळलात ते बरोबरच. मराठीत हा एकच शब्दप्रयोग तीन वेगवेगळी कामे करतो. “नोकरी लागली आणि तिला आर्थिक स्वातंत्र्य मिळाले” म्हणताना कोणापुढे हात पसरावा लागत नाही, एवढेच सांगायचे असते. “राजकीय स्वातंत्र्य मिळाले, आर्थिक स्वातंत्र्य अजून मिळायचे आहे” हे भाषणात ऐकू येते, तेव्हा परक्या भांडवलावर आणि परक्या मालावर विसंबून राहणारा देश डोळ्यांपुढे असतो. तिसरा अर्थ अर्थशास्त्राचा : कोणता धंदा करायचा, माल कोणाला आणि काय भावाने विकायचा, आपली मालमत्ता कशी वापरायची, हे ज्याचे त्याला ठरवता येणे. इंग्रजीत पहिल्या दोन ठिकाणी इंडिपेंडन्स आणि तिसऱ्या ठिकाणी फ्रीडम म्हणतात. आपण दोन्हींना स्वातंत्र्य म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दुसरा आणि तिसरा अर्थ एकमेकांपासून किती लांब असू शकतात, हे दाखवायला मला चीनमधल्या शियाओगांग गावापेक्षा चांगले उदाहरण माहीत नाही. साल १९७८. आन्हुई प्रांतातल्या या लहानशा गावात शेती सामुदायिक होती, राबणे सगळ्यांचे आणि पोट मात्र कोणाचेच भरत नव्हते. हिवाळ्यातल्या एका रात्री १८ शेतकरी गुपचूप जमले आणि त्यांनी एका कागदावर करार केला. जमीन घराघरांत कसायला वाटून घ्यायची, सरकारचा ठरलेला वाटा आधी घालायचा, उरेल ते ज्याचे त्याचे. पकडले जाण्याची भीती इतकी खरी होती की, गावच्या पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागले तर त्यांची मुले १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, हेही त्यात लिहिले. पुढच्या हंगामात त्याच जमिनीतून, त्याच हातांनी कित्येक पट धान्य निघाले.

आता शब्द लावून पाहा. चीन तेव्हा कोणाचा अंकित नव्हता. परदेशी कर्ज, परदेशी माल यांपासून तो जाणूनबुजून दूर राहिलेला होता. म्हणजे दुसऱ्या अर्थाचे आर्थिक स्वातंत्र्य देशाकडे भरपूर होते, आणि त्याच देशातल्या शेतकऱ्याला आपल्या वाफ्यात काय पेरायचे ते ठरवता येत नव्हते. देशाच्या बाबतीत म्हणूनच मी ‘आर्थिक स्वावलंबन’ असा वेगळा शब्द वापरतो. तो रुळलेला आहे आणि नेमका आहे. ‘स्वातंत्र्य’ माणसासाठी राखून ठेवावे.

‘मुभा’ आणि ‘मोकळीक’ यांचेही उत्तर याच गोष्टीत आहे. मुभा हा अरबीतून आलेला शब्द, त्याच्या मुळाशी ‘जे करायला मनाई नाही ते’ असा अर्थ. मराठीत मात्र मुभा नेहमी कोणीतरी देतो, आणि जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. त्या रात्री १८ जणांना कोणीही मुभा दिलेली नव्हती. सरकारने ती पुढे, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, देशभर दिली. ‘मोकळीक’ थोडी जास्त ऐसपैस आहे, पण तीही बहुधा मिळते, दिली जाते. ‘परवाना’ तर उघडच वरून येणारा कागद. कायद्याने बांधलेला आणि सरकार बदलले तरी टिकणारा अधिकार असेल, तरच ‘स्वातंत्र्य’ किंवा ‘हक्क’ म्हणावे. शियाओगांगच्या शेतकऱ्यांना जमिनीची मालकी मिळाली नाही, ती आजही सामुदायिक आहे. तेव्हा त्यांच्याबाबत ‘कसण्याची मोकळीक’ हाच प्रामाणिक शब्द ठरतो.

‘उदारीकरण’ या शब्दातही हेच लपले आहे. उदार असतो तो देणारा. १९९१नंतर खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांची मिळून ‘खाउजा’ अशी आद्याक्षरे आपल्याकडे चालू झाली, पण तिन्ही शब्द सरकारने काय केले ते सांगतात. माणसाला काय करता येऊ लागले, ते त्यांतला एकही सांगत नाही.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘स्वतंत्र’ हाच शब्द. स्व आणि तंत्र. ‘तंत्र’ हा तन् या संस्कृत धातूपासून बनलेला शब्द; तन् म्हणजे ताणणे, पसरणे. तंतू त्यातूनच आला आणि संस्कृतात ‘तंत्र’ म्हणजे माग, मागावरचे ताणलेले उभे धागे, असाही अर्थ आहे. उभे धागे ताणलेले नसतील तर कापड विणले जात नाही. स्वतंत्र माणसालाही तंत्र, म्हणजे नियमांची चौकट, असते, फक्त ते त्याचे स्वतःचे असते. तंत्रच नको असेल त्याला आपण ‘स्वैर’ म्हणतो. म्हणून ‘आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे कायदेच नकोत’ हा समज मला शब्दाच्या पातळीवरही चुकीचा वाटतो. हे स्वातंत्र्य मोजणाऱ्या ज्या दोन संस्था जगभर उद्धृत होतात, हेरिटेज फाउंडेशन (निर्देशांक १९९५पासून) आणि फ्रेझर इन्स्टिट्यूट (१९९६पासून), त्या दोघीही मालमत्तेचे हक्क आणि न्यायव्यवस्था यांना गुण देतात. केलेला करार मोडला तर न्याय मागायला जागा नसेल, तर धंदा निवडण्याच्या हक्काला फारसा अर्थ उरत नाही.

जाता जाता : ‘स्वातंत्र’ असे लिहू नये. विशेषण ‘स्वतंत्र’, नाम ‘स्वातंत्र्य’.

मूळ वाक्यातल्या ‘साठी’बद्दलही थोडे. ‘विकासासाठी स्वातंत्र्य’ म्हटले की स्वातंत्र्य नुसते साधन होते. अमर्त्य सेन यांची मांडणी अशी की ते साधन आहेच, पण साध्यही आहे. माणसाला आपले आयुष्य निवडता येऊ लागणे हा विकासाचाच भाग. मला हे पटते. उत्पन्न वाढले नाही तरी, वेठीला धरलेला मजूर काम सोडून जाऊ शकला, तर काहीतरी सुधारले असेच आपण म्हणू.

तेव्हा लेखकाला तिसरा अर्थ अभिप्रेत असेल, तर मी ते वाक्य असे लिहीन : “नागरिकांना आर्थिक स्वातंत्र्य असेल तर देशाच्या विकासाला बळ मिळते.” आणि देशाने परक्यांवर विसंबू नये एवढेच म्हणायचे असेल, तर : “देश आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी हवा.”