आजारी नवजाताचा प्रवास : तुमच्या शंका

बाळाला दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकत्र उत्तरं.

प्रश्न : वाटेत ऊब राहावी म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात का?

नाही. नवजाताची कातडी भाजते.

प्रश्न : गाडी जितकी सुसाट जाईल तितकं बरं ना? डॉक्टर मात्र निघायलाच उशीर करत होते.

तो उशीर नव्हता. श्वास, साखर, रक्तदाब सावरायचा, नळ्या पक्क्या करायच्या, तापमान 36.5 ते 37.5 अंशांत आणायचं, मगच निघायचं. चालत्या गाडीत निसटलेली नळी पुन्हा घालून बघा, म्हणजे कळेल! आणि वेगाचं म्हणाल, तर करकचून ब्रेक, झोकदार वळण, खड्डा यांचे हिसके बाळाच्या डोक्यापर्यंत पोहोचतात. 32 आठवड्यांआधी जन्मलेल्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. पहिले तीन दिवस तर जास्तच जोखमीचे. जन्मानंतर हलवलेल्या अशा बाळांमध्ये मेंदूतला रक्तस्राव अधिक आढळतो. त्यात मूळ आजार किती आणि प्रवास किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, पण म्हणून हिसके चालतात असं नाही. आवाजाचंही तेच. एनआयसीयूत, म्हणजे नवजातांच्या अतिदक्षता विभागात, तो 45 डेसिबलच्या आत राहावा असं सांगतात, गाडीत तो सहज 60 च्या वर जातो. कानांवर आवरण, अंगाखाली हादरे शोषणारी गादी, डोकं सरळ मध्यभागी, गाडी संथ. चालकाला घाई लावणारे नातेवाईक मला नेहमी भेटतात. कृपा करून गप्प बसा.

प्रश्न : गाडीवर 'आयसीयू' लिहिलं आहे. पुरे का?

रंगाने लिहिलेलं काहीही असू शकतं. नवजाताचा व्हेंटिलेटर, चालू इन्क्युबेटर आणि नवजात हाताळणारी प्रशिक्षित व्यक्ती आहे का, ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : विमानाने नेलं तर हादरे टळतील?

टळत नाहीत. शिवाय केबिनमधला दाब 2400 मीटर उंचीइतका असला, तर शरीरात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. छातीत हवा साठली असेल तर उडण्याआधी काढावी लागते. ठरवणं तज्ज्ञांचं काम.

प्रश्न : तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्यात. आधी इथेच बाळंतपण, मग बाळ हलवू?

शक्य असेल तर आईलाच आधी हलवा, बाळ पोटात असताना. प्रसूती अगदी जवळ आली असेल तर मात्र नाही. ते तपासूनच कळतं, तेव्हा हे वाचत बसू नका, आत्ता डॉक्टरांना फोन करा.