ज्वारी निसवते तेव्हाच्या शिंका

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातील एका गावात राहते. गेली तीन वर्षे दिवाळीनंतर महिना-दीड महिना मला सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका येतात, नाक पाण्यासारखे गळते आणि डोळ्यांना खाज सुटते. ताप मात्र कधीच येत नाही. घरचे याला थंडीची सर्दी म्हणतात. मोबाइलवर परागकणांची पातळी पाहावी, तर तेथे बहुतेक दिवशी ‘कमी’ असेच दिसते. मागच्या वर्षी हुरडा खायला शेतावर गेले आणि त्रास दुप्पट झाला. हा त्रास परागकणांचा समजावा काय?
– एक वाचक भगिनी

उत्तर : आपण दिलेल्या खुणा सर्दीपेक्षा ॲलर्जीकडे अधिक बोट दाखवतात. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते, तिच्यात अंग दुखते आणि पुढे शेंबूड घट्ट होतो. डोळ्यांची खाज आणि दरवर्षी त्याच दिवसांत परत येणे हे तिचे लक्षण नव्हे.

मोबाइलवरील आकड्याविषयी प्रथम स्पष्ट सांगावयास हवे. परागकण खरोखर मोजायचे झाल्यास मिनिटाला सुमारे 10 लिटर हवा ओढणारे यंत्र उंचावर बसवतात, त्यातील चिकट पट्टीवर बसलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखतात आणि दर घनमीटर हवेत किती कण आहेत ते काढतात. मोबाइलवरील पातळी बहुधा हवामान आणि वनस्पतींचे नकाशे यांवरून गणिताने काढलेली असते. आपल्या घरामागच्या पट्ट्यात ज्वारी कधी पेरली हे त्या गणिताला ठाऊक नसते. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांकही येथे उपयोगी पडत नाही, कारण त्यात 10 मायक्रॉनपर्यंतची धूळ धरतात आणि बहुतेक परागकण त्याहून मोठे असतात. म्हणून मी तरी शिवारच वाचावे असे म्हणेन.

सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली मालदांडी वाणाची ज्वारी साधारण सत्तर-पंचाहत्तर दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात, निसवून फुलोऱ्यावर येते. कणसाचा फुलोरा शेंड्याकडून खाली उतरत जातो आणि एका कणसाला त्यासाठी आठवडाभर लागतो. सगळी ताटे एकाच दिवशी फुलत नाहीत, मागास पेरणीचे रान तर आणखी पुढे जाते, त्यामुळे गावाच्या हवेत पराग तीन-चार आठवडे राहतो. फुले पहाटे उमलतात. सूर्योदयाच्या सुमारास फुलोऱ्यातल्या कणसाखाली उघडी काळी छत्री उलटी धरून ताट हलकेच झटकले, तर छत्रीवर पिवळसर भुकटीचा थर दिसतो. आपल्या सकाळच्या शिंकांची वेळ आणि ही वेळ जुळते. अर्थात बांधावरचे गवत, वेडी बाभूळ, एरंड, रानमाठ हेही संशयित आहेतच. ज्वारीवरच सगळा आळ घालणे न्याय्य होणार नाही.

हुरड्याचे कोडे मात्र वेगळे आहे. ज्या रानातील कणीस हुरड्याला आले, त्याचा फुलोरा केव्हाच संपलेला असतो. मग तेथे त्रास का वाढावा? आगटीतील गोवऱ्यांचा धूर आणि कणीस चोळताना उडणारा कोंडा आधीच सुजलेल्या नाकाला पुरेसे होतात, शिवाय शेजारची मागास ज्वारी फुलोऱ्यात असू शकते. हुरडा सोडू नये. वारा जिकडून येतो त्या बाजूस आगटीजवळ बसावे आणि चोळण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये मळणीच्या वेळी कूस आणि काणी पडलेल्या कणसांची काळी भुकटी उडते. ती भुकटी बुरशीचे बीजाणू असते, पराग नव्हे, पण दमेकऱ्याला तीही बाधते. मळणी यंत्राजवळ उपरण्याने तोंड बांधण्यापेक्षा नाकावर घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरावा.

यंदा पेरणीपासून एका वहीत रोज दोन ओळी लिहा: आसपास काय फुलले आहे आणि शिंका किती आल्या. डॉक्टरांपुढे ही वही ठेवल्यास औषध केव्हा सुरू करायचे ते ठरवणे सोपे जाते, कारण नाकात मारण्याच्या स्टेरॉइड फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात आणि तो फुलोऱ्याच्या थोडा आधीच सुरू केलेला बरा. सेटिरिझिनसारख्या गोळीने काहींना गुंगी येते. ती घेऊन दुचाकी चालवू नये. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे ओढल्यास नाक उलट अधिक चोंदते. मेडिकलमधून मागून आणलेल्या बिननावाच्या पुडीतील गोळ्या तर नकोतच, त्यांत पोटात घ्यायचे स्टेरॉइड असू शकते. छातीत घरघर होऊ लागली किंवा रात्री खोकल्याने झोप मोडू लागली, तर वहीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्न : शाळेच्या आवारातील गाजर गवत मुलांकडून श्रमदानात उपटून घेतले. नंतर काहींच्या हातांवर व मानेवर पुरळ उठले. गवत काढूच नये काय?
– एक शिक्षक, बार्शी तालुका

उत्तर : काढावे, पण मुलांच्या उघड्या हातांनी नव्हे. या गवतातील पार्थेनिन त्वचेला बाधते आणि फुलातील पराग नाकाला. ही वनस्पती 1950च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नजरेस आली आणि एकेका रोपाला हजारो बिया येत असल्यामुळे पुढे देशभर पसरली. पावसानंतर जमीन ओली असताना, पांढरी फुले येण्यापूर्वी, मोठ्यांनी रबरी हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून ती मुळासकट उपटावी. मोकळ्या झालेल्या जागी पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे बी फेकल्यास तो तिला दडपतो. उपटण्यापूर्वी पाने मात्र निरखून पाहा. मळकट पांढऱ्या पाठीवर गडद रेघा असलेले लहान भुंगे पाने कुरतडताना दिसले, तर ते 1984 साली बंगळुरूत प्रथम सोडलेल्या मेक्सिकन भुंग्यांचे वंशज होत. तेवढा कोपरा तसाच ठेवावा आणि तेथे कीटकनाशक फवारू नये.