एका तोंडाने दोन गोष्टी नकोत: डिजिटल प्रचार हाती घेणाऱ्या तरुणीस पत्र

लालबाग, मुंबई

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या विधानसभा मतदारसंघातील उमेदवाराच्या डिजिटल प्रचाराची जबाबदारी तू स्वीकारल्याचे पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. व्हॉट्सॲपचे गट, रील्स, रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे फोन आणि मतदारयादीचे ॲप यांपैकी कशावर भर द्यावा, असे तू विचारले आहेस. साधनांची जाण तुला माझ्याहून अधिक आहे. ती वापरताना कोणते पथ्य पाळावे, एवढेच मी सांगू शकतो. पथ्य एकच आहे: एका गटात जे बोलशील, ते उरलेल्या सर्व गटांत जसेच्या तसे बोलता आले पाहिजे.

गिरणगावात आम्ही प्रचार शिकलो तो चौकसभांतून. चाळीच्या अंगणात टेबल मांडून उमेदवार बोलू लागला, की त्याचे बोलणे वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून उभा असलेला गिरणी कामगार ऐके, खालच्या दुकानातला वाणी ऐके आणि कोपऱ्यात मुद्दाम येऊन उभी राहिलेली विरोधी पक्षाची पोरेही ऐकत. आश्वासन सर्वांदेखत दिलेले असल्यामुळे सगळी चाळ त्याची साक्षीदार असे, आणि म्हणूनच उमेदवाराला तोलूनमापून बोलावे लागे. पुढे चाळी पडल्या आणि टॉवर उभे राहिले. गेटवर सुरक्षारक्षक आला, नोंदवही आली, इंटरकॉम आला. कार्यकर्त्याला दारापर्यंत जाता येईना आणि त्याची पत्रके वॉचमनच्या टेबलावर पडून राहू लागली. त्यानंतर सोसायटीचे व्हॉट्सॲप गट आले आणि उमेदवाराचा संदेश आत जाऊ द्यायचा की नाही, हे सेक्रेटरी ठरवू लागला. तंत्रज्ञानाने प्रचार बदलला असे सगळे म्हणतात. मुंबईपुरते बोलायचे तर आधी इमारत बदलली आणि तिने अडवलेली वाट मोबाइलने मोकळी केली, असे माझे मत आहे.

मात्र त्या वाटेने जाणारे बोलणे इतरांना ऐकू येत नाही, आणि खरा मोह तिथेच आहे. मतदारयादीत नाव, वय, लिंग आणि घर क्रमांक असतो. निवडणूक आयोग ही यादी प्रतिमेच्या स्वरूपात देतो. ती यंत्राला शोधता येईल अशा स्वरूपात मिळावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. तरीही यादी यंत्राकडून वाचून घेऊन, आडनावावरून भाषा, जात आणि धर्म यांचे अंदाज बांधून, त्याला मोबाइल क्रमांक जोडून देणारे लोक तुझ्याकडे येतीलच. ते क्रमांक आले कुठून, हा प्रश्न त्यांना पहिल्याच भेटीत विचार. एखाद्या आजीने मोफत नेत्रतपासणी शिबिराच्या अर्जावर चष्मा मिळावा म्हणून क्रमांक लिहिला असेल, तर तो चष्म्यापुरताच दिला आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला; पण कायदा नसता तरी त्या आजीचा विश्वास मोडणे मला मान्य झाले नसते.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातीची निदान नोंद राहते. फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या जाहिरात संग्रहात राजकीय जाहिरात आणि तिचा खर्च कोणी केला हे कोणालाही पाहता येते, आणि गूगलने तर निवडणुकीच्या जाहिरातींसाठी वय, लिंग आणि ठिकाण यांपलीकडे मतदारांची निवड करण्यास २०२० पासून मनाई केली आहे. व्हॉट्सॲप गटात पाठवलेल्या संदेशाची अशी कोणतीच जाहीर नोंद नसते. म्हणून तिथला संयम तुलाच पाळावा लागेल.

आपल्याच भागातला एक प्रसंग सांगतो, कारण तो तुझ्या कामाच्या अगदी जवळचा आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली एक इमारत आणि तिच्याच शेजारी बिल्डरने बाजारभावाने विकलेल्या घरांचा टॉवर, मधे एक भिंत. पुनर्वसनाच्या इमारतीत भाजी आणि वडापावच्या गाड्या लावणारी अनेक कुटुंबे राहतात, तर टॉवरमधल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे की पदपथावर पाय ठेवायला जागा नाही. एका उमेदवाराच्या माणसांनी पहिल्या गटात ‘गाड्यांना हात लावू देणार नाही’ असे पाठवले आणि दुसऱ्या गटात ‘पदपथ महिन्याभरात मोकळे करू’ असे. टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाणारी बाई पुनर्वसनाच्या इमारतीतच राहते. संध्याकाळपर्यंत दोन्ही संदेशांचे स्क्रीनशॉट दोन्ही गटांत फिरले आणि त्यानंतर त्या उमेदवाराच्या खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवीना. वास्तविक दोघांनाही सांगता येईल अशी एक गोष्ट होती. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समिती नेमायची असते, तिच्यातले किमान ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेते असावे लागतात, आणि विक्रीची क्षेत्रे तिच्याशी सल्लामसलत करून ठरवायची असतात. ‘या कायद्याची अंमलबजावणी मागेन, त्यात काही गाड्या हलतील आणि काहींना हक्काची जागा मिळेल’ हे वाक्य दोन्ही गटांत पाठवले असते, तर दोन्हीकडून थोडी नाराजी आली असती. ती नाराजी ऐकून घेणे हेच तर लोकप्रतिनिधीचे काम आहे.

भाषेच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. २०२० च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत भाजपचे नेते मनोज तिवारी यांच्या तोंडी हरियाणवी बोली घातलेली, तंत्राने घडवलेली चित्रफीत फिरली होती. आता तसे करणे कितीतरी स्वस्त आणि सोपे झाले आहे. तुमच्या मतदारसंघात गुजराती आणि तमिळ बोलणारेही आहेत, त्यामुळे उमेदवाराचा आवाज त्या भाषांत ‘बनवून’ घेण्याचा सल्ला तुला मिळेलच. आयोगाच्या ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेनुसार अशा चित्रफितीवर ती कृत्रिम असल्याचा ठसा दृश्याच्या किमान १० टक्के भागावर असावा लागतो. नियम पाळून तसे करता येईल, पण मला विचारशील तर करू नकोस. उमेदवाराला मोडकीतोडकी गुजराती येत असेल तर ती बोलू दे. तमिळ येत नसेल तर तमिळभाषक कार्यकर्त्याने आपले नाव सांगून निवेदन वाचावे. मतदाराला भाषांतर चालते, फसवणूक चालत नाही.

जाहिरातींचे पूर्वप्रमाणन (म्हणजे प्रसिद्धीआधी घ्यायची मंजुरी), समाजमाध्यमांवरील खात्यांची प्रतिज्ञापत्रात नोंद आणि विधानसभेसाठीच्या ४० लाख रुपयांच्या खर्चमर्यादेत डिजिटल खर्चही धरणे, या गोष्टी निवडणूक प्रतिनिधीबरोबर बसून पहिल्याच आठवड्यात मार्गी लाव. त्याहून अधिक वेळ उत्तरांना दे. ‘आमच्या गल्लीत पाणी पहाटे साडेचारला येते आणि वीस मिनिटांत जाते’ असे कोणी लिहिले, की त्याला नमस्काराचे चित्र पाठवू नकोस. गल्लीचे नाव विचार, ते वहीत उतरव, उमेदवाराला त्याच दिवशी दाखव आणि पुढे काय झाले ते त्याच गटात कळव, काहीच झाले नसेल तर तेही.

शेवटी मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांविषयी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ ने जाहीर प्रचार थांबतो, पण फोन थांबत नाहीत. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाच्या आदल्याच दिवशी आपल्या राज्यात बिटकॉइनच्या व्यवहारांसंबंधी ध्वनिफिती पसरल्या. ज्या नेत्यांचे ते आवाज असल्याचे सांगितले गेले, त्यांनी ते साफ नाकारले, पण तोवर फिती सर्वत्र पोहोचल्या होत्या. त्या काळात आपल्याकडून कोणाविरुद्धही काही जाऊ देऊ नकोस, ऐकलेले खरे वाटले तरीही नाही. आपल्या उमेदवारावर असे काही आलेच, तर लेखी तक्रार कोणाकडे द्यायची ते आधी ठरवून ठेव, आणि खुलासा स्वतः उमेदवाराने, ठिकाण आणि वेळ सांगून करावा. प्रत्येक बूथप्रमुखाचे नाव व क्रमांक कागदावर छापून घे. तो खुलासा आधी त्यांना फोनवरून सांग, म्हणजे सकाळी रांगेत कोणी विचारले तर उत्तर देणारा माणूस तिथे ओळखीचा असेल.

कळावे.

तुझा,
काका