पालखीच्या आधी नळीचं बघा

ताई, नमस्कार.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. गेल्या वैशाखात आंबा उतरवताना हे झाडावरून पडले. वय 43. मणका फुटला, फाइलवर एल-1 असं लिहिलंय. कोल्हापूरला ऑपरेशन होऊन रॉड आणि स्क्रू घातले. आता आठ महिने होतील. उजव्या पायात ताकद येतेय, डावा अजून उचलत नाही. वॉकर धरून उभे राहतात. फिजिओथेरपीवाले आठवड्यातून तीनदा येतात. सासूबाईंनी ग्रामदेवतेला नवस बोललाय की शिमग्याला हे पालखीला खांदा देतील, आणि तोवर त्यांनी भात सोडलाय. कौलही उजवा आला. धाकटे भावोजी मुंबईला असतात. ते म्हणतात ही अंधश्रद्धा आहे, रस्त्यालगतची जमीन विकू आणि स्टेम सेलची इंजेक्शनं देऊ. रोज फोनवर आई आणि भावोजींचं वाजतं आणि मी मधल्यामध्ये. पहाटे चारला उठते, यांचं सगळं करते, मग गुरं, मुलांचे डबे. ताई, श्रद्धा धरायची की विज्ञानाचं ऐकायचं, एवढं सांगा. आम्ही कोणी आशा सोडलेली नाही, पण यांचाच सगळ्यावरचा विश्वास उडालाय. देवाला हात जोडत नाहीत, पडवीत येऊन बसत नाहीत, पालखी घरी आली तरी मला आतल्या खोलीतच राहू द्या म्हणतात. मध्ये दोन-तीनदा लघवीच्या नळीचं विचारत होते, ती गावातला कंपाउंडर महिन्याला बदलून जातो. मी म्हटलं, आधी चालायला लागा, नळी मग आपोआप निघेल. ज्याच्यासाठी सगळं चाललंय त्यानेच आशा सोडली तर घरच्यांनी काय करायचं?

– सौ. प.

सौ. प.,

तुमच्या पत्रात नळीला दोन ओळी मिळाल्यात, त्याही जाता जाता. नवसाला, कौलाला, इंजेक्शनांना आणि भावोजींच्या फोनला बाकीचं सगळं पत्र. मी त्या दोन ओळींवरच उत्तर देणार आहे.

तुमचे यजमान दोन-तीनदा म्हणाले, ही नळी कधी निघेल. आशा सोडलेला माणूस असं विचारत नाही. त्यांना काय हवंय ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि एकदा सांगून भागलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. तुम्ही त्यांना थांबवलंत. आमची आशा आधी पुरी करा, तुमच्या आशेचं नंतर बघू, असं तुमच्या उत्तरातून त्यांनी ऐकलं असेल. मग ते विचारायचे थांबले, आणि तुम्ही मला लिहिलंत की त्यांचा विश्वास उडालाय.

तुम्ही पहाटे चारला उठता हे मी वाचलं. तुमच्या कष्टांबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तुम्ही त्यांना दिलेलं उत्तर चुकीचं आहे आणि ते आठ महिने तसंच राहिलंय, म्हणून आज कौतुकाचे शब्द मी बाजूला ठेवते.

चुकीचं का, ते सांगते. पाय चालायला लागले की लघवीचं आपोआप सुटेल, असं नसतं. आपला मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्याशी संपतो, आणि फाइलवरचा एल-1 म्हणजे कंबरेचा पहिला मणका, म्हणजे यांचा मणका फुटला त्याच जागी. मूत्राशय आणि शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसांचं केंद्र रज्जूच्या अगदी त्या खालच्या टोकाला असतं. मांड्यांना ताकद देणाऱ्या नसा वेगळ्या. त्यामुळे असं होऊ शकतं की माणूस काठी घेऊन चालतो आणि तरी त्याला लघवी स्वतःहून होत नाही. उलटही होतं. जन्मभर चाकाच्या खुर्चीत असणारे कितीतरी लोक नळी न लावता, पिशवी न बाळगता कामावर जातात. ऑपरेशनने रॉड आणि स्क्रू घालून मणका सरळ धरला आणि नसांवरचा दाब काढला. त्यापुढे नसा किती सावरतील ते त्यांच्या गतीने होतं. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात दिसते, नंतर गती मंदावते. उजव्या पायात ताकद येतेय ही चांगलीच खूण आहे, व्यायाम एक दिवसही चुकवू नका. पण त्या पायाच्या भरवशावर मूत्राशयाला थांबवून ठेवू नका.

नळी कायम आत राहिली की जंतुसंसर्ग होतो, मूत्राशयात खडे होतात, मूत्रमार्गाला इजा होते, आणि बराच काळ हे चाललं तर मूत्रपिंडांवर येतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाठीचा कणा मोडलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत, ते बरेचदा लघवीच्या संसर्गाने आणि पडून राहून पाठीला झालेल्या जखमा चिघळून. 1944 साली इंग्लंडमध्ये डॉक्टर लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडव्हिलला अशा जखमींचा वेगळा विभाग चालवायला घेतला, तेव्हा रुग्णाची कूस बदलणं आणि मूत्राशयाची निगा या दोन गोष्टींवर त्यांचा भर होता. हे लोक जगू शकतात, कामधंदा करू शकतात, हे त्या कामाने दाखवून दिलं. नळी हा किरकोळ विषय नाही, एवढं तुमच्या लक्षात यावं म्हणून हे सांगितलं.

आणि या नळीला पर्याय आहे. 1972 साली अमेरिकेतल्या मिशिगनचे डॉक्टर जॅक लॅपिडीस यांनी मांडलं की रुग्णाने साबणाने हात स्वच्छ धुऊन दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच बारीक नळी आत घालावी, मूत्राशय पूर्ण रिकामं करावं आणि नळी काढून घ्यावी. त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. डॉक्टर याला सीआयसी म्हणतात. साधारण चार ते सहा वेळा, आणि एका वेळी चारशे-पाचशे मिलीलिटरच्या वर साठू द्यायचं नाही, असा हिशेब असतो. पाणी एकदम न पिता दिवसभर विभागून प्यायचं, किती प्यायलो आणि किती निघालं हे सुरुवातीला वहीत लिहायचं. मधल्या वेळात अंगाला ना नळी ना पिशवी. तुमच्या यजमानांचे दोन्ही हात शाबूत आहेत. आंब्याच्या शेंड्यावर झेल्याने फळ न दुखावता उतरवणारे हात आहेत ते. शिकवलं तर ते हे शिकतील, आणि त्यांचं एक काम तरी त्यांचं त्यांच्याकडे परत येईल.

आता तुमच्याच पत्रातलं बाकीचं पुन्हा वाचा. पडवीत येत नाहीत. कशाला येतील? चार माणसं विचारपूस करायला येणार आणि खुर्चीच्या बाजूला पिशवी लोंबणार. देवाला हात जोडत नाहीत. ज्या घरात ओवळ्याने कोणी देवघराचा उंबरा ओलांडत नाही, त्या घरात वाढलेला माणूस अंगावर लघवीची पिशवी घेऊन देवासमोर कसा बसेल? पालखी आली तरी आतल्या खोलीत राहू द्या म्हणतात, याचा अर्थ तुम्ही ‘देवावर विश्वास राहिला नाही’ असा लावलात. मला तर वाटतं, देवाची चाड आहे म्हणूनच ते लपताहेत. माझं हे वाचणं चुकीचंही असेल. पण तुम्ही त्यांच्या शेजारी आहात, मी नाही. त्यांना विचारा. खोलीत दुसरं कोणी नसताना, दार लोटून विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर बसून राहा, मध्येच देवाचं किंवा डॉक्टरांचं काही सांगू नका.

2004 साली अमेरिकेत मज्जारज्जूला इजा झालेल्या 681 जणांना विचारलं होतं की कुठली गोष्ट परत आली तर तुमचं आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. ज्यांचे हातही गेले होते त्यांनी सर्वांत वर हातांची हालचाल ठेवली. ज्यांचे फक्त पाय गेले होते त्यांनी शरीरसंबंध. आणि लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांना महत्त्वाचा वाटला. चालणं कुठल्याच गटात पहिलं नव्हतं. घरच्यांना मात्र पाय सोडून दुसरं काही दिसत नाही, कारण पाय गावाला दिसतात. तुम्ही दोघं चाळिशीतली माणसं आहात. आठ महिने ती नळी तुमच्या दोघांच्या मध्येही आहे आणि त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. मला लिहिलं नाहीत तरी चालेल, पण ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांच्याशी दोघांनी मिळून याबद्दलही बोला. या प्रश्नावर उपचार आहेत, तो विचारण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

भावोजींचं थोडक्यात. जमीन विकू देऊ नका. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्याकडे स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या काही आजारांपुरता आहे. मणक्याच्या इजेसाठी तो अधिकृत चाचणीतच देता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. जो जमिनीच्या किमतीएवढे पैसे मागतोय तो चाचणी करत नाहीये. भावोजी स्वतःला विज्ञानाच्या बाजूचे समजतात, पण त्यांनीही मनात नवसच बोललाय, देव तेवढा वेगळा आहे. त्यांचा भावावर जीव आहे हे खरं आहे. तो जीव कामाला लावा, कसा ते पुढे सांगते.

सासूबाईंची श्रद्धा मी मोडायला सांगणार नाही. कोकणातल्या बाईने भात सोडणं म्हणजे काय ते मला कळतं, रोज दोन वेळा ती उपाशीच उठत असणार. पण तो भात आईच्या ताटात नाही हे मुलगाही रोज दोन वेळा बघतोय. शिमगा जवळ येईल तसं ते ताट त्याच्या उरावर बसणार आहे. खांदा देता आला नाही तर आईचा नवस आपल्यापायी राहिला, आपल्यापायी ती भुकेली राहिली, असं तो धरून बसेल. हे तुम्ही सुनेने सांगू नका, तुमचं आणि त्यांचं विनाकारण बिनसेल. गुरवांना घरी बोलवा, नवस कसा बोलला गेला ते सांगा आणि त्यांच्या तोंडून देवाला नवीन गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाण्यात ‘चुकलंमाकलं पदरात घे’ म्हणायची सोय आपल्या जुन्या माणसांनी ठेवलीच आहे, आणि त्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला वाडी आहेच. मागणं एवढंच ठेवा की पालखी दारात येईल तेव्हा माझा मुलगा तिच्यासमोर बसलेला असू दे. सासूबाईंना ते मान्य होईल असं मला वाटतं, कारण त्यांनाही मुलगा आतल्या खोलीत नकोच आहे.

आता तुम्ही करायचं काम एकच. कंपाउंडरने पुढची नळी बदलायच्या आत यांना युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे न्या. कोल्हापूरला ऑपरेशन झालं तिथेच विचारा, की मूत्राशयाची तपासणी आणि सीआयसीचं शिक्षण कोण देतं. तिथे नीट उत्तर मिळालं नाही तर मुंबईला हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. 1955 पासून हेच काम करते. तिथली चौकशी करणं, नाव नोंदवणं, राहायची सोय बघणं हे भावोजींवर टाका. इंजेक्शनवाल्यांना फोन करण्यातला त्यांचा वेळ तिकडे जाऊ दे. जाताना ऑपरेशनची फाइल, एमआरआय आणि आजवरचे लघवीचे रिपोर्ट न्या. मूत्रपिंडांची सोनोग्राफी, मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी आणि मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करायची का, हे विचारा. सीआयसी यांना चालेल की आणखी काही करावं लागेल हे या तपासण्यांवरून डॉक्टर ठरवतील. घाई करून घरी कोणी नळी ओढून काढायची नाही. मधल्या दिवसांत थंडी वाजून ताप आला किंवा नळीतून लघवी यायची थांबली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

आणि डॉक्टरांच्या खोलीत यांची खुर्ची आधी आत न्या. आपल्याकडे रुग्णाला बाहेर बसवून घरच्यांना आत बोलावतात, मग घरचे बाहेर येऊन ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात. असं होऊ देऊ नका. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर ‘ह्यांना विचारा’ एवढंच म्हणा. नळीचं त्यांचं त्यांना विचारू द्या, आणि उत्तर मिळेपर्यंत तुम्ही मध्ये बोलू नका.