अ‍ॅम्प्लिफायरला फ्यूज असताना बॅटरीजवळ वेगळा फ्यूज कशाला?

आपण विचारले आहे की गाडीतल्या साऊंडच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ३०-३० अँपिअरचे दोन फ्यूज असताना बॅटरीजवळ आणखी एक लावावा का, आणि लावल्यास किती अँपिअरचा. लावावा. अ‍ॅम्प्लिफायरवरचे फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी असतात, बॅटरीजवळचा वायरसाठी असतो. हा फरक ज्याला कळत नाही अशा दुकानदाराच्या हाती गाडी देऊ नये.

इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण आमच्या घरातलेच आहे. चार वर्षांपूर्वी हिंगणघाटहून पुतणीच्या लग्नाचा बस्ता घेऊन आम्ही समुद्रपूरकडच्या आमच्या गावी परतत होतो. गाडीतले साऊंड बसवणाऱ्याने आठ गेजची (गेज म्हणजे वायरच्या जाडीचे माप, आकडा लहान तितकी वायर जाड) वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या उघड्या भोकातून, रबरी बुश न घालता ओढली होती, आणि फ्यूज मागे, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी लावला होता, कारण म्हणे तिथे तो हाताशी राहतो. पावसाने उखडलेल्या रस्त्यावर महिनोन्‌महिने घासून वायरचे आवरण फाटले आणि तांबे पत्र्याला टेकले. डॅशखालून धूर निघू लागताच दादांनी चावी फिरवून गाडी बंद केली, तरी धूर थांबेना, कारण ती वायर थेट बॅटरीवर होती आणि चावीचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मी पकडीने निगेटिव्हचा क्लॅम्प ढिला करून उपसला, तोवर पायाखालचे कार्पेट जळाले होते. बस्ता वाचला, साड्यांना धुराचा वास मात्र लग्नापर्यंत होता.

मागचा फ्यूज शाबूत निघाला. तो हातात धरून दादा म्हणाले, "फ्यूज त साबूत हाये, मंग करंटचा काय संबंध? उंदरानं कुरतडलं असन." तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे. वास्तविक तो शाबूत असणे हाच माझा पुरावा आहे: सगळा करंट बॅटरीतून निघून त्या भोकापाशीच पत्र्यात उतरला, मागच्या फ्यूजपर्यंत पोहोचलाच नाही. आणि उंदरानेच वायर कुरतडली असे मानले तरी बॅटरीजवळचा फ्यूज तेवढ्यानेही उडाला असता. शेताची पाइपलाइन मधेच फुटली की हेच दादा धुऱ्यावरची तोटी बंद करत बसत नाहीत. विहिरीवर जाऊन मोटर बंद करतात. गाडीत मात्र त्यांना हे पटत नाही.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फार तर दीड फुटावर असावा, जितका जवळ तितका बरा. आकडा वायरच्या जाडीवरून ठरवा, वॅटवरून नव्हे. आपण वायरचा गेज लिहिलेला नाही. शुद्ध तांब्याची आठ गेज असेल तर साधारण ५० ते ६० अँपिअर, चार गेज असेल तर १०० च्या आसपास. फ्यूज वारंवार उडत असेल तर वायर जाड करा, नुसता फ्यूज मोठा करू नका. दादांनी नव्या गाडीत नेमका फ्यूजच मोठा केला आहे.

एक सांगायचे राहिले. बाजारातली बरीच स्वस्त वायर वरून तांब्याची आणि आतून अ‍ॅल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर वरचे आकडे तिला लागू नाहीत, बरेच कमी धरावे लागतील.