मान घासू नकोस

प्रश्न : मी २१ वर्षांची, इंदूरला राजेंद्र नगरात राहते. पाळी दोन-दोन, कधी चार महिने येत नाही. हनुवटीवर राठ केस येतात, मान काळी पडली आहे. सोनोग्राफीत अंडाशयात बारीक गाठी दिसल्या, म्हणजे पीसीओडी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण आई म्हणते त्या गर्भनिरोधक आहेत, पुढे मूल होणार नाही. आत्या म्हणते, लग्न झालं की आपोआप जाईल. काय करू?

उत्तर : आत्यांना माझा नमस्कार सांग, आणि लग्न हे औषध नव्हे हेही सांग.

सोनोग्राफीतल्या ‘गाठी’ म्हणजे अर्ध्यावर वाढ थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या. त्या काढायच्या नसतात. तुझ्या वयात नियमित पाळीच्या मुलींतही त्या दिसतात. लांबलेली पाळी आणि हनुवटीवरचे केस मला जास्त सांगून जातात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) मात्र तपासून घे, त्यांच्या बिघाडानेही पाळी लांबते.

आता मान. आई बेसन-लिंबू लावून घासत असेल तर थांबव, तो मळ नाही. शरीरात इन्शुलिन वाढलं की मानेची, काखेची कातडी जाड आणि काळपट होते. तेच इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपास, नुसती उपाशीपोटीची पुरत नाही.

गोळ्या गर्भनिरोधकच आहेत, आईचं तेवढं खरं. पण तो परिणाम घेतेस तोवरच, त्यांनी वांझपण येत नाही. पाळी महिनोन्‌महिने न आल्यास गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं तसं चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. गोळी ते टाळते. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांग. केसांवर फरक दिसायला सहा महिने लागतात. तोवर खुशाल थ्रेडिंग कर.

वजन तू लिहिलं नाहीस. जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळी सुधारते. इंदुरात राहून पोहे सोड असं मी कुठल्या तोंडाने सांगू? जिलबी सोड, शेव चिमूटभर घे, वर मोड आलेले मूग घाल.

मूल बहुतेकींना होतं. काहींना बीज पिकवून बाहेर पडायला मदत करणारं लेट्रोझोलसारखं औषध लागतं, इतकंच. पुढच्या तपासणीला जाताना गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा कागदावर लिहून ने.