वाचकांचे प्रश्न : गेममधली नाणी दुप्पट केली, तर नुकसान कोणाचे?

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. तो खेळत असलेल्या ऑनलाइन गेममध्ये नाणी दुप्पट करण्याची युक्ती त्याला मित्राकडून कळली. त्याने ती बऱ्याचदा वापरली आणि कंपनीने त्याचे खाते बंद केले. त्याचे म्हणणे असे, की चूक प्रोग्राममध्ये होती आणि नाणी काही खरी नव्हेत, मग कोणाचे काय गेले? त्याला काय सांगावे?
— एक पालक, नाशिक

उत्तर : आपल्या मुलाचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. दोष प्रोग्राममध्येच असतो. एका खेळाडूने दुसऱ्याला तलवार दिली, की सर्व्हरला ती एकाच्या खात्यातून वजा आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा करावी लागते. या दोन्ही नोंदी एकदमच पक्क्या व्हायला हव्यात. पण घेणाऱ्याची नोंद जतन झाली आणि देणाऱ्याची होण्याआधीच सर्व्हर कोसळला, तर तो पुन्हा सुरू झाल्यावर तलवार दोघांकडेही असते. त्यातली खरी कोणती, हा प्रश्नच उरत नाही, कारण गेममध्ये नोंद हीच वस्तू.

दुसरा प्रकार आकड्यांच्या मर्यादेचा. ब्लिझार्ड कंपनीच्या ‘डायब्लो ३’ या गेममध्ये त्या काळी खेळाडूंना गेममधले सोने खऱ्या डॉलरना विकता येत असे. मे २०१३ मधल्या सुधारणेत विक्रीच्या एका गठ्ठ्यातील सोने दहा लाखांवरून एक कोटीवर नेले गेले. त्यामुळे एका वेळी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सोने विक्रीला मांडता येऊ लागले, आणि मांडलेला आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या, म्हणजे अधिक-उणे चिन्ह धरून ३२ बिटांत (संगणकाच्या शून्य-एकच्या ३२ घरांत) मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या, पलीकडे गेला, की स्कूटरचा किलोमीटर काटा ९९,९९९ नंतर शून्यावर यावा तसा हिशेब घसरू लागला. खात्यातून सोने कमी वजा होई, विक्री रद्द केली की जास्त परत मिळे.

कंपनीने लिलावाचा बाजार बंद ठेवून नोंदी तपासल्या, या दोषाचा वापर करून सोने वाढवणारे व ते विकणारे किंवा इतरांकडे वळवणारे ४१५ खेळाडू शोधले आणि जादा सोन्यापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परत मिळवले. सगळा गेम आदल्या दिवसाच्या स्थितीला नेणे तिने टाळले, आणि माझ्या मते ते योग्यच केले, कारण तसे केले असते तर ज्यांनी काहीच वावगे केले नव्हते त्यांचीही त्या दिवसाची मेहनत पुसली गेली असती.

आता ‘कोणाचे काय गेले’ याविषयी. त्याआधीच्या ‘डायब्लो २’ मध्ये सोने बाळगण्यावर मर्यादा होती आणि त्याला फारशी किंमतही नव्हती, म्हणून खेळाडूंनी ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही दुर्मीळ अंगठी चलन म्हणून वापरायला घेतली. तिच्या नकला इतक्या झाल्या, की जी एक अंगठी मिळवायला पूर्वी दिवसेंदिवस खेळावे लागे, तिच्यात पुढे एखादी साधी वस्तूही येईना. २००३ च्या सुधारणेत कंपनीने अशी सोय केली, की या अंगठ्या पुरेशा संख्येने गेममधल्या दुकानदाराला विकल्या गेल्या तरच एक खास राक्षस अवतरावा. त्या मोहाने अंगठ्या बाजारातून बाहेर पडू लागल्या. नुकसान झाले ते सरळ मार्गाने खेळणाऱ्यांचे. त्यांच्या खात्यातून काहीही चोरीला गेले नव्हते, तरी त्यांच्याकडे होते त्याचे मोल उरले नाही. आपल्या मुलाने वाढवलेल्या नाण्यांनीही हेच केले, आणि हे त्याला शांतपणे समजावून सांगावे.

नाणी एकदा आपोआप दुप्पट झाली असती, तर मी त्याचीच बाजू घेतली असती. दोष ओळखून तोच तो वापरणे ही मात्र त्याची स्वतःची निवड होती. ती नाणी त्याने कोणाला पैशांना विकली का, हे आधी नीट विचारून घ्यावे. विकली असतील, तर प्रकरण खेळापुरते राहत नाही आणि घेणाऱ्याचे पैसे परत करायला हवेत. त्यानंतर कंपनीच्या मदत विभागाकडे त्यानेच अर्ज करावा. युक्ती कशी चालते, ती कधी आणि किती वेळा वापरली, नाणी कोणाकोणाला दिली, हे त्यात स्पष्ट लिहावे आणि वाढवलेली सर्व नाणी काढून घ्यावीत अशी स्वतःहून विनंती करावी. खाते परत मिळेलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही.